गोदाचा लॅपटॉप आणि माझा सदरा

तर गोदाने डबा उघडला तो थेट लॅपटॉपच्या दुकानात, काचेच्या टेबलावर. काल गोष्टीत इथवर आलो होतो, पण गोदा कोण ते सांगायचं राहिलंच.

गोदा आमची शेजारीण. नवरा बागेत आंब्याच्या पेट्या भरतो, फोटो पाठवतो. ही घरी लॅपटॉपवर रंग बघून गिऱ्हाइकाला कळवते, कधी कापायचे ते. बाई पारखी. लग्नाआधी बघायला आलेल्या या नवऱ्यालाही तिने अंगणात उन्हात उभं केलं होतं. दिव्याच्या उजेडात सगळेच देखणे दिसतात म्हणाली.

पण जुन्या लॅपटॉपची स्क्रीन पिवळी पडली आणि देवरूखच्या लग्नघरी तिने हिरव्या आंब्यांना ‘उद्याच कापा’ कळवलं. आमरसाच्या पंगतीत लोकांचे दात आंबले. आणखी एक अशी चूक झाली की गिऱ्हाईक तुटलं.

म्हणून डब्यात एक हिरवा, एक पाडाला लागलेला, आणि पिकलेल्याच्या फोडी. तिन्हींचा फोटो मोबाईलात. फोटो स्क्रीनवर लावायचा, खरा आंबा शेजारी धरायचा. तीस हजारांच्या आत काम व्हायला हवं होतं, आणि सोबतीला तिने मला घेतलं होतं.

दुकानदार ओमकारने आधी महागातलाच काढला. “बघा काकी, रंग कसे खुलतात.”

“कच्च्याला पिकवतोय हा. दलालीला ठेव त्याला.”

दुसरा स्वस्त होता. तिने जरा बाजूला सरकून पाहिलं. “इथून आंबा सडका दिसतो.”

तिसरा कुठल्याशा ऑफिसातून आलेला जुना, झाकणावर ओरखडे. गोदाने तो उचलून टेबलाच्या दाराकडच्या टोकाला, उजेडात ठेवला. हिरवा जुळला, पाडाचा जुळला. फोडींसाठी डबा पुढे ओढला, तर डबा चाटूनपुसून लख्ख.

“आबा, फोडी?”

मी बाहेरच्या रिक्षा मोजायला लागलो. ओमकार खाली मान घालून हसत होता. गोदाची नजर माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ठरली. छातीवर रसाचा ताजा डाग. तिने सदऱ्याला धरून मला स्क्रीनपाशी ओढलं, डाग फोडींच्या फोटोशेजारी धरला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, “बांध रे हा.”

परतीच्या वाटेवर मी छाती पुढे काढून म्हटलं, “गोदे, आज मी होतो म्हणून काम झालं.”

ती म्हणाली, “झालं तर. पण सदरा इतक्यात धुवायला टाकू नका, आबा. घरी अंगणात परत एकदा लावून बघायचाय.”