मनीषाची फाइल

आठ वर्षांत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही — इथे बहारीनमध्ये हूऱ्यातल्या मित्रमंडळींना माझ्या मूळव्याधीचा इतिहास तोंडपाठ आहे. पण हे मात्र राहिलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही.

सुरुवात माझ्या वेंधळेपणानं होते. आमच्या घरी दोन फायली, दोन्ही निळ्या. एकीत माझी सर्टिफिकेटं, दुसरीत मनीषाची, म्हणजे माझ्या बायकोची. ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून मी एका शनिवारी उम्म अल हस्समला कन्सल्टंटकडे गेलो. टाय लावून. पासपोर्ट साइझ फोटोच्या बारा प्रती खिशात घेऊन. ऐटीत फाइल उघडली, तर आत मनीषा.

ऑस्ट्रेलिया कशाला? बहारीनमधलं आमचं राहणं म्हणजे माझी नोकरी आहे तोवर. मी मीना सलमान बंदरातल्या एका वेअरहाउसमध्ये ऑपरेशन्स सुपरवायझर — सांगलीच्या भाषेत गोदामाचा मुकादम. माझा व्हिसा संपला की घरातल्या तिघांचा संपला. नोकरीशिवायही राहू देणाऱ्या इथल्या गोल्डन रेसिडेन्सीच्या अटीत माझा पगार बसत नाही. आणि मुलगी, ईशा, इथेच जन्मलेली. तिला कुठेतरी कायमचं म्हणता येईल असं घर हवं होतं. ऑस्ट्रेलियात आधी स्किल्ड वर्क व्हिसा, मग तीन वर्षं काम केलं की पर्मनंट रेसिडन्सचा अर्ज. सगळं पॉइंट्सवर — वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी. पंचेचाळीस पूर्ण झाली की दार बंद. मी तेव्हा त्रेचाळीसचा होतो.

कन्सल्टंट परकारभाई, मूळचे म्हसळ्याचे. माझी माहिती त्यांनी तोंडी विचारून घेतली, मग म्हणाले, "वहिनींची फाइल आणलीच आहे, तर बघू." आणि बघतच बसले. मनीषा मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट, हूऱ्यातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरीला होती. वय अडतीस.

"साहेब, तुमचं काय खरं नाय," परकारभाई म्हणाले. "पण वहिनींचं होतंय. लॅबवाल्यांना तिकडे मागणी आहे. वहिनींना मेन अ‍ॅप्लिकंट करा, तुम्ही डिपेंडंट म्हणून मागून जा. वर्षभरात निघाल, इंशाल्ला."

डिपेंडंट. हा शब्द मी किती फॉर्मवर लिहिला असेन? मनीषाच्या नावापुढे, कॅपिटल अक्षरांत, चौकटीच्या बाहेर न जाऊ देता. लिहिताना कधी काही वाटलं नव्हतं. आता तो माझ्या नावापुढे येणार म्हटल्यावर गळ्यातला टाय एकदम टोचायला लागला. तिकडच्या गणपतीत कुणीतरी ओळख करून देणार — हे मनीषाताईंचे मिस्टर, सध्या घरीच असतात. हसू येतं ना? मलाही येतं आता. तेव्हा नाही आलं.

घरी आलो. मनीषा पोळ्या करत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझे कागद गेले का चुकून? दाखवलेत का त्यांना?"

"दाखवले," मी म्हटलं. "लॅबचं काम धरतच नाहीत ते. त्यातून गल्फमधलं तर नाहीच."

एवढंच. दोन वाक्यं. पोळी फुगून खाली बसली, तेवढ्यात झालं.

तिनं स्वतः नेटवर बघितलं नाही का, असं तुम्ही म्हणाल. का बघावं? मी माणसाला भेटून, विचारून आलो होतो. माझ्यावर विश्वास ठेवणं ही तिची चूक, असं म्हणायचं का?

चार दिवसांनी परकारभाईंचा फोन आला. वहिनी इंग्रजीच्या परीक्षेला कधी बसतायत? मी म्हटलं, ती तयार नाही, तिला आईवडिलांपासून इतकं लांब जायचं नाही. हे दुसरं खोटं. पहिलं एकदा बोललं की दुसऱ्याला काही कष्ट पडत नाहीत.

मग मी माझा स्वतःचा अर्ज करायला निघालो. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली, दोन्हीदा निबंधात आपटलो. आणि माझी तयारी कोण करून घेत होतं? मनीषा. ड्युटीवरून यायची, घड्याळ लावून मला निबंध लिहायला बसवायची, माझी इंग्रजी क्रियापदं लाल पेनानं सरळ करायची. ती परीक्षा पहिल्या फेरीत पास झाली असती, हे मला तिथे, डायनिंग टेबलावर, रोज दिसत होतं. मी मान खाली घालून लिहीत होतो.

मी पंचेचाळीसचा झालो. माझं दार बंद झालं, तिचं अजून पाच वर्षं उघडं होतं. त्या पाच वर्षांत तिचं क्लिनिक बंद पडलं. दुसरीकडे अर्ज कर, असं मी म्हटलं, तर म्हणाली, राहू दे. ती घरी बसली आणि तिची निळी फाइल कपाटात वर गेली. सांगायला मला पाच वर्षं होती. एक दिवस पुरला असता. मी तिच्या दर वाढदिवसाला केक मात्र आठवणीनं आणला.

मागच्या वर्षी ती पंचेचाळीसची झाली. मला — खरं सांगतो — त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. आता सांगूनही उपयोग नाही, म्हणजे सांगायला नको. इतका हलका माणूस आहे मी.

गेल्या महिन्यात कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही म्हणून कळवलं. खलास. मी घरी सांगितलं की आता सांगलीला परत जायचं. ईशा बारावीत आहे. ती मराठीत ऐकते, इंग्रजीत बोलते. म्हणाली, "गो बॅक? बट आय वॉज नेव्हर देअर, बाबा." आणि तिच्या खोलीत गेली.

आम्ही दोघंच उरलो. वाटलं, आता तरी. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मनीषाच आधी बोलली.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही केले ना प्रयत्न. माझंच शिक्षण तिकडे चालण्यासारखं असतं, तर पोरीवर ही वेळ आली नसती."