कच्चा लाल

पालीची सत्यशीला मागावर भांडी पुसायचे रुमाल विणते. हात चांगला आहेच, पण रंगाचं तिला भारी वेड. उभ्या हिरव्या ताण्यात आडवा लाल बाणा घातला तर रुमाल हलवताना पिकल्या बोरासारखा झळकतो, हे तिनं सहा महिने विणून-उसवून शोधलं. आणि बीडच्या प्रदर्शनात विणकर बायांच्या गटाच्या अध्यक्ष छबुबाईनं तो रुमाल स्वतःच्या नावानं मांडला. पेपरात फोटोही तिचाच आला.

सत्यशीलानं विचारलं, तर छबुबाई बायांदेखत म्हणाली, "रंग देवानं केलेत गं. तू माहेरून आणलेस व्हय?"

बाया खदाखदा हसल्या.

वर्षभर सत्यशीला विणत राहिली. सकाळी देवीपुढं उदबत्ती लावून एवढंच मागायची, "आई, माझं नाव मला दे. तिच्याच तोंडून दे."

यंदा तिनं पांढऱ्यावर लाल चौकडीचा रुमाल काढला. सात दुकानांतलं लाल सूत आणून गरम पाण्यात बुडवलं, पांढऱ्या चिंधीत पिळलं. सहांचा रंग सुटला, एक पक्का निघाला. तो तिनं मागावर चढवला. छबुबाई रोज दुपारी डोकवायचीच.

"कोणत्या दुकानातला गं हा लाल?"

सत्यशीलानं सगळ्यात कच्च्या लालचं दुकान सांगितलं. वर म्हणाली, "भिजवून बघा हं, मावशी." 'मी बजावलं होतं' असं देवीपुढं उद्या सांगता यावं, म्हणून.

"देवीच्या आधी सुताला पानी? न्हाई बाई!"

हेच उत्तर येणार, हे तिला ठाऊक होतं. पहिला रुमाल देवीला कोरा दाखवल्याशिवाय छबुबाई सुताला थेंब लागू द्यायची नाही, आणि बाकीचा मालही चमक जाईल म्हणून कोराच विकायची.

प्रदर्शनात दोघींचे एकसारख्या चौकडीचे रुमाल शेजारी लागले. पाहणीला आलेल्या मॅडमनी छबुबाईचा रुमाल उचलून ओल्या ताटावर फिरवला. ताट लाल, हात लाल, पांढरी चौकडी गुलाबी.

"हे कुणाचं काम?"

छबुबाईनं झटक्यात बोट केलं. "हिचं! नमुना हिचा, सूतबी हिनंच सांगितलं. मी नुस्तं बघून विणलं."

सत्यशीलानं आपला रुमाल बादलीत बुचकळून पिळला. पाणी नितळ.

"नमुना माझाच हाय, मॅडम." मग ती छबुबाईकडं वळली. "आन् मावशी, मागल्या साली पेपरात आला तो? तोबी बघूनच विणलता का?"

भोवती गर्दी जमली. छबुबाईनं डागाळलेला रुमाल घाईघाईनं ओढून घेतला, हात पदराला पुसले. पदरही लाल झाला.

"तुझाच व्हता," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोला, मावशी. त्या दिशी बाया मोठ्यानं हसल्या व्हत्या."

"तुझाच व्हता गं!"

संध्याकाळी सत्यशीलानं देवीपुढं दिवा लावला. माफी मागायची म्हणून डोळे मिटले, तर लाल झालेला पदरच दिसला आणि हसू फुटलं. माफी उद्यावर टाकून तिनं आईपुढं गुळाचा खडा ठेवला.