बाजरीवर वाढवलेली पिल्लं

नवऱ्याला कंपनी सोडता यावी, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही कोंबड्यांना बाजरी घातली. हौस म्हणून असले उद्योग करायला कुणाच्या अंगात त्राण होतं?

आमचं गाव चाकणच्या पलीकडे. जमीन बरीचशी कारखान्यांत गेली, उरलेल्या पट्टीवर ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. ती मी बघते. नवरा एका कंपनीत प्रेस मशिनवर. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची. झोपेने कधी यायचं तेच तिला कळेनासं झालंय. एकदा घास हातात धरून तो बसल्या जागी झोपला, तेव्हा मी चिडून त्याच्यापुढचं ताट ओढलं आणि मग आत जाऊन रडले. प्रेसवर डुलकी लागली तर काय होतं हे मला कुणी सांगायला नको. बोटं गेलेले दोघेजण आमच्याच आळीत राहतात.

शेडवर घर भागलं तर तो कंपनी सोडणार, असं आमचं ठरलं होतं. अडत होतं ते कोंबडीच्या खाद्यावर. खाद्य आम्ही घरीच मिसळायचो, त्यात अर्ध्याहून जास्त मका. इथेनॉलचे कारखाने मका उचलायला लागले आणि आमच्यासारख्यांनी नुसता भाव ऐकून परत यायचं अशी गत झाली. मक्याच्या जागी बरीचशी बाजरी चालते, हे नवऱ्याने मोबाइलवर बघून काढलं. बाजरी काय, आमच्या भागात दारची. ही एक बॅच बाजरीवर नीट निघाली की राजीनामा, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मीही मनात धरून बसले.

रात्रपाळी करून आला तसाच तो पोती घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाल्याने बाजरी बघितली आणि आमच्या घरी नेहमी लागते तशी दळून दिली. त्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. नवऱ्याने चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं आणि मऊ आलंय म्हणून खुशीत घरी आला. मीही चोळून बघितलं, मलाही ते झकासच वाटलं. बाजरी म्हटलं की आमच्या बोटांना भाकरीशिवाय दुसरं काही ठाऊकच नाही. त्यात सोयाबीनची पेंड वगैरे मिसळून आम्ही पिल्लांपुढे ठेवलं.

पिल्लं भांड्याभोवती जमायची, चोच मारायची आणि मान झटकत बाजूला व्हायची. पाणी पिऊन परत पिठात चोच घातली की त्याचा लगदा व्हायचा, तो चोचीवर वाळून बसायचा. काहींच्या नाकपुड्यासुद्धा बुजल्या. मी ओलं फडकं घेऊन एकेकाची चोच पुसत बसले, पण शेडभर पिल्लांना एक बाई कुठवर पुरणार? शेवटी डॉक्टरांना फोन केला. कोंबडीला पीठ नको, भरडा लागतो, असं ते म्हणाले. मग उरलेली बाजरी भरडून आणली आणि पिल्लं खायला लागली. पण तोवर काही दगावली होती, आणि जगली त्यांच्यातली कितीतरी शेवटपर्यंत अंगाने भरलीच नाहीत.

बॅच निघायच्या वेळी व्यापारी गाडी घेऊन आला. एक कोंबडी उलटी धरून त्याने पाय बघितले. मक्याने पाय पिवळे होतात, आमच्या कोंबड्यांचे पांढरट दिसत होते. चिखलीतलं गिऱ्हाईक असल्या पायांची कोंबडी आजारी समजतं, म्हणाला. नुसती बाजरी खाल्लीय, आजार कसला, असं मी सांगितलं. तर म्हणे, ते काय तिच्या गळ्यात पाटी बांधून सांगू? मोठ्या कोंबड्या त्याने भाव पाडून मागितल्या आणि नेल्या, बारक्या आम्हालाच ठेवल्या. त्या मी गावात एकेक करून विकल्या. चवीला फार छान लागली, असं सगळे येऊन सांगून गेले. मला त्या कौतुकाचा रागच आला. चवीवर कुणाला राजीनामा देता येत नाही.

पुढची बॅच आम्ही करारावर घेतली. आता पिल्लं एका मोठ्या पोल्ट्री कंपनीची, खाद्यही तिचंच, शिवलेल्या पोत्यांतून येणारं. आमची फक्त शेड, वीज आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांचा सुपरवायझर आला. रोज सकाळ-संध्याकाळ तापमानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, खाद्यात बाहेरची मूठभर वस्तू मिसळायची नाही, गावाला जायचं तर आधी विचारायचं, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. माझ्याहून वयाने लहान असेल. मी प्रत्येक गोष्टीला "व्हय साहेब" म्हणत गेले.

नवरा सकाळची शिफ्ट करून आला आणि पायरीवर बूट सोडत बसला. सुपरवायझर काय म्हणाला, असं त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, गावाला जायचं तर विचारायचं तेसुद्धा. त्याने एक बूट काढला, दुसरा पायात तसाच राहिला.

"म्हंजी तुला बी शिफ्ट लागली," तो म्हणाला.

संध्याकाळचा फोटो पाठवायचा राहिला होता, म्हणून मी उठून शेडकडे गेले.