पुष्पाकाकूंनी चादर कापली

मिरजगावात पुष्पावतीकाकूंचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या रागाबद्दल बोलतात. मी तेरा वर्षं त्यांच्या शेजारी राहते, आमच्या दोन्ही परसांच्या मधे एकच भिंत आहे, आणि लोक म्हणतात ते खोटं नाही. काकू रागीट आहेत. पण तो राग कशाचा असतो हे मला गेल्या वर्षी कळलं, म्हणून हे लिहायला बसले.

काकू मूळच्या भिंगारच्या. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगा वैजनाथ चार वर्षांचा होता. भिंगारमध्ये लष्करासाठी तंबू शिवून देणारा एक ठेकेदार होता. काकू त्याच्याकडे मशीनवर बसल्या त्या एकोणतीस वर्षं. जाड कापड, मेण लावलेला दोरा, बोटांना कायमचे घट्टे. एकदा ठेकेदारानं हलका दोरा आणला. काकूंनी शिवून झालेल्या तंबूची शिवण त्याच्यासमोर दोन्ही हातांनी ओढून उसवून दाखवली आणि सांगितलं, याच्याखाली माणसं झोपणार आहेत, मी शिवणार नाही. अकरा दिवस त्यांना आत घेतलं नाही. बाराव्या दिवशी दोरा बदलला आणि बोलावणं आलं. ही हकीकत काकू स्वतः कधी सांगत नाहीत. वैजनाथ सांगतो, आणि सांगताना त्याच्या आवाजात अभिमान असतो आणि थोडा धाकही.

पुढे वैजनाथनं मिरजगावात हायवेला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, घर बांधलं आणि आईला इकडे आणलं. त्याची बायको मोनिका शांत, कुणाला दुखवायला न धजणारी. मुलगा पार्थ दहा वर्षांचा, मुलगी जया सात वर्षांची. जया चालायची कमी आणि उड्या जास्त मारायची. ओट्यावरून, पलंगावरून, ट्रॉलीच्या फाळक्यावरून. काकू दिवसभर तिच्यावर ओरडायच्या आणि ती दिवसभर त्यांच्याच अंगावर उडी घ्यायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मोनिकाच्या चुलत बहिणीचं लग्न हायवेवरच्या एका लॉनवर होतं. लॉनचे मालक गहिनीनाथशेठ. मांडवाच्या मागं त्यांनी मुलांसाठी ट्रॅम्पोलिन ठेवलं होतं. आमच्याकडे त्याला नुसतं जंपिंग म्हणतात. गोल लोखंडी चौकट, कडेनं स्प्रिंगा, मधे ताणून बसवलेली काळी चादर, भोवती जाळी. त्या दिवशी त्यावर एका वेळी सात-आठ पोरं नाचत होती, आणि त्यांत मिसरूड फुटलेले दोन दांडगेही होते.

काकूंचे डोळे सवयीनं शिवणीकडे गेले. चादरीच्या कडेची पट्टी उन्हानं पांढरी पडली होती. स्प्रिंगा ज्यांत अडकतात त्यांतल्या तीन कड्या उसवल्या होत्या आणि तिथं कुणीतरी सुतळीनं बांधून वेळ मारून नेली होती. स्प्रिंगांवर झाकायला गादी असावी लागते, ती अर्धी नव्हतीच. जाळीला दोन ठिकाणी भगदाडं.

घरून निघताना मोनिकानं त्यांना अगदी काकुळतीला येऊन सांगितलं होतं, की आई, माझ्या माहेरची माणसं आहेत, आज कुणाला काही बोलू नका. काकू बोलल्या नाहीत. जयाला फक्त, जरा वेळच खेळ, असं सांगून त्या जेवायला बसल्या. मीही तिथं होते. मीही ती सुतळी पाहिली होती. मला त्यातलं काय कळतं असं मी म्हणू शकते, पण सुतळी बांधलेली वस्तू मोडकी असते हे कळायला तंबू शिवावे लागत नाहीत.

पानात जिलेबी पडत होती तेव्हा मागून किंकाळी आली. एका दांडग्या पोरानं जोरात उडी मारली, चादर खाली दबून वर आली, आणि हलकी जया त्या झटक्यानं उंच फेकली गेली. खाली येताना तिचा पाय नेमका उसवलेल्या जागेवर पडला. सुतळी तुटली, पाय चादर आणि चौकटीच्या फटीत गेला आणि कोपर उघड्या लोखंडावर आपटलं.

तिला नगरला नेलं. हाड मोडून जागचं सरकलं होतं. ऑपरेशन झालं, आत तारा घातल्या, हात गळ्यात आला. दवाखान्याच्या बाकावर मोनिका रडत राहिली, सारखी म्हणत राहिली की मी तुम्हाला गप्प बसवलं. काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"तू सांगितलंस, मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं त्या दिवशी."

दहा दिवसांनी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. लॉनवर जायचंय, शेठशी बोलायचंय, एवढंच म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

गहिनीनाथशेठ ऑफिसात होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, पोरीची चौकशी केली. काकूंनी विचारलं की ते जंपिंग काढून टाकलं का. शेठ म्हणाले, दुरुस्त केलंय, चला दाखवतो. मागं जाऊन पाहिलं तर सुतळीच्या जागी निळी नायलॉनची दोरी होती. बाकी सगळं तसंच. साखरपुड्याला आलेली चार मुलं त्यावर उड्या मारत होती. काकूंनी शिवणीवरून बोट फिरवलं. बोटाला दोऱ्याची पूड लागली, ती त्यांनी शेठना दाखवली.

शेठ हसले. "मावशी, पोरंच हायेत ती. पडायचीच. आता काय आमी एकेकाला धरून बसायचं का? तुमची एक पोरगी पडली म्हनून सगळ्यांचा खेळ बंद करायचा?"

मला वाटलं काकू आता त्यांना फाडून खातील. त्या मुलांकडे वळल्या. त्यांनी मुलांना एकेक करून खाली उतरवलं, शेवटच्या मुलीच्या पायात चप्पल घातली, आणि पिशवीतून कापड कापायची मोठी कात्री काढली. भिंगारची, दीड वीत लांब. जाळीच्या दारातून वाकून त्यांनी चादरीच्या कडेला पहिली चीर दिली आणि मग त्याच चिरेत जमिनीवर उभं राहून, हात न थांबवता पार पलीकडच्या टोकापर्यंत कापत गेल्या. चीर इतकी सरळ होती की खडूनं रेघ मारून कापल्यासारखी. ताण सुटला तशा स्प्रिंगा दोन्ही बाजूंना खणखणल्या. शेठ ओरडत होते, लोक गोळा झाले होते, आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

शेठनी पोलिसांना फोन केला. हवालदार आला, त्यानं काकूंचं वय पाहून त्यांना खुर्ची द्यायला लावली आणि वही काढली. काकू उभ्याच राहिल्या.

"लिहा. चादर मी कापली, सगळ्यांसमोर कापली," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या आधी त्या चादरीला सुतळी कुणी बांधली होती, तेही लिहा. माझ्या नातीच्या हातात तारा आहेत, त्या मोजून लिहा."

हवालदारानं शेठकडे पाहिलं. शेठनी वहीकडे पाहिलं. एक लिहायचं तर दुसरंही लिहावं लागणार हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. म्हणाले, जाऊ द्या, म्हातारं माणूस हाय, आपल्याला काय वाढवायचं न्हाई. यावर काकूंना जो राग आला, तो चादर कापतानाही आला नव्हता. माफी मागायला आले नव्हते मी, असं म्हणून त्या फाटकाबाहेर चालू लागल्या आणि मला स्कूटर घेऊन मागं पळावं लागलं.

जयाच्या हातातल्या तारा काढल्या. व्यायाम करून हात हळूहळू सरळ व्हायला लागला. पण पोरगी बदलली. ओट्याची एक पायरीसुद्धा ती भिंत धरून उतरायची. शाळेतल्या घसरगुंडीवर चढवलं तर किंचाळून रडली. बाईंनी फोन करून मोनिकाला बोलावून घेतलं. ते ऐकून काकूंनी हातातलं निवडायचं सूप खाली आपटलं. हात मोडला तो डॉक्टरनी जोडला, म्हणाल्या, पण उड्या कोण परत देणार?

वैजनाथनं मनावर घेतलं आणि कुणाला न विचारता मोबाईलवरून घरच्यासाठी एक ट्रॅम्पोलिन मागवलं. खोकं आलं. खोक्यावर हसणारी मुलं, आणि ठळक अक्षरात लिहिलेलं की हे मुलांसाठी संपूर्ण सुरक्षित आहे. काकूंनी खोकं उघडलं, चादरीची एक कडी दोन बोटांत धरली आणि खेचली. कडी हातात आली.

त्या दिवशी त्यांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. वैजनाथ म्हणत होता की लोकांनी चांगलं लिहिलंय, फोटो टाकलेत. काकू विचारत होत्या, त्या लोकांनी शिवण ओढून पाहिली का, तू पाहिलीस का, दुकानात नळी घेताना वाकवून बघतोस ना, मग पोरीच्या वेळी तुझे हात कुठं गेले होते. शेवटी तोही भडकला.

"मग तूच आण," तो म्हणाला.

"आणतेच," काकू म्हणाल्या.

त्या तीनदा एसटीनं नगरला गेल्या. दोनदा मी सोबत होते, आणि दुकानदारांचे चेहरे बघवत नव्हते. काकू आधी पाईपच्या तोंडात बोट घालायच्या. आतून गंज दिसला की बाहेरचा रंग पाहायच्याही नाहीत. मग स्प्रिंगा कशानं झाकल्यात, गादी चौकटीबाहेर येते का, आणि जाळी कुठून सुरू होते ते बघायच्या. जाळी स्प्रिंगांच्या बाहेर असेल तर पोर तिच्या आत राहूनही स्प्रिंगांत पडतं, म्हणून त्यांना ती चादरीच्या कडेलाच हवी होती. जाळीच्या खांबांना फोम हवा. मग शिवण. कडीच्या पट्टीवर नुसती आडवी शिवण असली तर वस्तू परत. चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असली तरच पुढचं बोलणं. एका दुकानात त्यांनी सुटलेला दोरा तोडून काडीनं पेटवून पाहिला, कसा वितळतो ते बघायला, तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, मावशी, हे पोरांचं खेळणं आहे, रणगाडा नाही.

"पोरांचं आहे म्हणूनच बघतेय," काकू म्हणाल्या. "रणगाडा स्वतःला सांभाळतो."

चौथ्या दुकानात मनासारखं मिळालं. लहानच होतं, आठ फुटी. वैजनाथला मोठं हवं होतं, पण काकूंनी परसात पावलं टाकून दाखवलं की मोठं बसवलं तर भिंत जवळ येते, आणि उडालेलं पोर भिंतीवर जाता कामा नये. त्यांनी वैजनाथकडून मुरूम काढून जमीन सपाट करून घेतली, वर माती पसरली, कपडे वाळत घालायची तार दुसरीकडे नेली, डोक्यावर येणारी शेवग्याची फांदी तोडायला लावली. वैशाखात आमच्याकडे वावटळ उठते, तेव्हा पत्रे उडतात, म्हणून चौकटीचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधले. नियम तीनच आणि त्यांत सूट नाही: एका वेळी एकच पोर, कोलांटी नाही, आणि मोठं माणूस शेजारी बसलेलं असल्याशिवाय जाळीची चेन उघडायची नाही. पार्थनं पहिल्याच दिवशी मित्राला आत घेतलं तर आठवडाभर त्याचं खेळणं बंद.

जया चार दिवस जवळसुद्धा गेली नाही. काकूंनी तिला एकदाही चढ म्हटलं नाही. मोनिका लाडीगोडी लावायला लागली तर तिलाही दटावलं. पाचव्या दिवशी जया आपली आपण आत शिरली आणि मधोमध मांडी घालून बसली. बराच वेळ बसली. मग गुडघ्यांवर आली, मग उभी राहिली, आणि दोन्ही हात पोटाशी धरून तिनं एक उडी मारली. वीतभरच असेल. काकू खुर्चीत बसून तिच्याकडे एकटक बघत होत्या, चेहरा तसाच आवळलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, रडतेस कशाला, चेन लाव नीट.

आता जया रोज संध्याकाळी उड्या मारते. कोपर किंचित वाकडं राहिलंय, ते राहणार आहे. गहिनीनाथशेठच्या लॉनवर नवी चादर आली, पण चौकट जुनीच, गादी अर्धीच, आणि शेजारी उभं राहायला माणूस नाही. हायवेवरच्या आणखी दोन लॉनवरही तसंच आहे. काकूंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, की जिथं जंपिंग आहे तिथं देखरेखीला माणूस हवा आणि फाटलेलं असेल ते बंद ठेवायला लावावं. ग्रामसेवक सांगतात की असा नियमच नाही. काकू म्हणतात, मग करा, आणि दर सोमवारी जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारतात. आतापर्यंत सतरा सोमवार झाले.

गेल्या सोमवारी त्या अर्जावर बायकांच्या सह्या घेत होत्या. सुतळी पाहूनही लग्नात मी बोलले नव्हते, आता सही केली. काकूंनी माझं नाव वाचलं, उशीर केलास, एवढंच म्हणाल्या, आणि पेन पुढच्या बाईच्या हातात दिलं.