कॅरमची मागची बाजू

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. दोनेक महिन्यांपूर्वी सकाळीच रशीदच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. "काका, अब्बा गेले..." आता टाळायला कारणही उरलेलं नाही.

नव्वदच्या दशकात भद्रावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवायचो. मी वयानं आणि हुद्द्यानं मोठा. अकरावीला दोन दिशांतल्या टकरीची गणितं आली की माझा वर्ग हटकून अडायचा. पोरं टकरीनंतरच्या दोन्ही संवेगांची नुसती बेरीज करत आणि ती आधीच्या संवेगापेक्षा जास्त भरे. फळ्यावर बाण काढून मी थकलो, तेव्हा रशीदला म्हटलं, "बाबा, तूच ये माझ्या तासाला." घरचा कॅरमही मीच आणून दिला.

त्यानं तो टेबलावर ठेवला, पावडर पसरली आणि स्ट्रायकर सोंगटीच्या कडेला मारला. पावडरीत दोन वाटा उमटल्या. "टकरीनं संवेग वाढते म्हनता? मंग माजरीच्या खाणीत कोळसा काऊन खोदून राह्यले लोक? कॅरमच खेळू ना दिवसभर!" वर्ग खदखदला. मग बोटानं वाटा दाखवत तो म्हणाला, "स्ट्रायकर सरळ चालला होता. आडवं काईच नव्हतं. म्हून टकरीनंतरबी आडवं सारं मिळून शून्यच पाह्यजे. सोंगटी डावीकडे गेली, त स्ट्रायकरले उजवीकडे जावंच लागते. सरळचा हिशोब अलग, आडव्याचा अलग."

तेवढ्यात दारात संस्थेचे सचिव. "तासाला कॅरम? कोणाचा आहे हा?"

तास माझा, कॅरम माझा, बोलावणंही माझंच. पण उपप्राचार्यपदाचं तेव्हा ठरायचं होतं... मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिलो. कॅरमच्या मागं निळ्या रंगात माझं नाव होतं. सचिव तो उचलायला गेले, तसा रशीदनं दोन्ही हातांनी दाबून धरला. "माझाच आहे साहेब. पावडर सांडन."

संस्थेची एक आश्रमशाळा दूर गडचिरोलीच्या जंगलात, भामरागडला होती. रशीदची बदली तिथं झाली आणि मी उपप्राचार्य झालो. मी एका बाजूला सरकलो होतो, त्याला दुसऱ्या बाजूला जावंच लागलं. कॅरम त्यानं सोबत नेला. सगळ्यांसमोर 'त्याचा' झाला होता ना!

एका पावसाळ्यात त्याची आई इथं वारली. तिकडे नद्यांना पूर, रस्ता बंद. कबरीवर त्याच्या वाटची माती मी दिली. पाणी ओसरल्यावर तो आला आणि माझे हात धरून म्हणाला, "तुम्ही होते म्हून बरं झालं, भाऊ." तो मातीला इथं का नव्हता, हे त्या वेळीही मला बोलता आलं नाही.

शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो, तर कॅरम खाटेजवळ मांडलेला. मी सुरुवात केली, "रशीद, त्या दिवशी वर्गात..." त्यानं स्ट्रायकर माझ्याकडे सरकवला. "किती बोलता भाऊ! मारा ना, डाव तुमचा हाय." आणि मी मारला...

परवा शबाना कॅरम घेऊन आली. "अब्बा म्हणायचे, ही काकांची अमानत आहे." मी तो उलटा केला. माझ्या नावावर त्यानं जाड कागद चिकटवलेला. कोणी वाचू नये म्हणून. कागद पिवळा पडलाय, तो काढायला हात धजत नाही.

रशीद, त्या दिवशी मला तुझ्या आधी बोलायचं होतं... माझाच आहे, साहेब.