बरणीतला पहिला तुंबुझाफी

स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच्या कानांनी ऐकणारा माणूस आमच्या वस्तीत एकच झाला, तुंबुझाफी. ऐकली तेव्हा त्याच्या हातात उसाच्या दारूचा पेला होता आणि गडी खुशीत होता.

वय पन्नाशीचं. भातशेतीत ह्याचा पाय कधी टिकला नाही. मंगळवारी आम्ही कुणीच शेतात उतरत नाही, काही घरं गुरुवारही पाळतात. तुंबुझाफीनं आजोळचे, सासरचे आणि एका मेलेल्या मावशीचे असे सगळे वर्ज्य वार गोळा करून आठवडा भरून काढला होता. मग दिवसभर रानात. पण रानात त्याच्यासारखे डोळे दुसऱ्या कुणाला नव्हते. झाडाच्या सालीला सालीसारखीच चिकटून बसलेली पाल बघून आम्ही पळत सुटायचो, हा तिला म्हणायचा, “उठा आता, उन्हं आली.” केवड्याच्या पानांच्या बेचक्यात, चमचाभर पाण्यात जन्म काढणारे बेडूक, ढोलीत पिल्लं राखत बसलेले बाप-बेडूक, नाकावर पान उगवल्यासारखा दिसणारा साप, धरला की हाताला डिंक फासणारा टोमॅटोसारखा लाल बेडूक, सगळ्यांचे पत्ते त्याला पाठ. मेहुण्यांची नावं मात्र चुकायची.

राजधानीतल्या विद्यापीठातली हान्ताबाई सात वर्षं त्याला घेऊन रान चाळत होती. तिनंच मोजून सांगितलं, की आमच्या संडासामागच्या उतारावर बेडकांच्या एकतीस जाती आहेत.

“आन् मान्सांच्या दोन,” तुंबुझाफीची बायको बेसुआ म्हणाली. “काम करणारी, आन् न करणारा.”

लवंगा वाळत घातल्या होत्या त्या दिवसांत हान्ताबाई एक फोटो घेऊन आली. फोटोत नखाएवढा तपकिरी सरडा, एक डोळा पुढं, एक मागं. तुंबुझाफीनं तो मागच्या साली पाचोळ्यातून हुडकून दिला होता. बाई म्हणाली, “असा सरडा आजवर जगात कुणालाच ठाऊक नव्हता. शास्त्रात आता ह्याचं नाव तुंबुझाफी.”

मग काय! दोन कोंबडे कापले, पेले फिरले. तुंबुझाफी फोटो छातीशी धरून दारोदार हिंडला. ज्यांनी त्याला बेडकांचा सासरा म्हणून चिडवलं होतं, त्यांना त्यानं फोटो दोनदा दाखवला.

शेवटी फोटो जाओमांगा आजोबांपुढं आला. हे आमच्या कुळाचे लालकाठीवाले. पूर्वजांशी बोलायचा हक्क त्यांचा एकट्याचा. सगळ्या कुळाचं थडगं एकच, त्यात कोण जाणार आणि कुणाच्या शेजारी निजणार, हेही तेच ठरवतात. त्यांनी बोट मुडपून फोटोकडं नुसतं पेर दाखवलं, कारण सरड्याकडं सरळ बोट करत नाहीत.

“हा हाय कुठं आता?”

“राजधानीत, आजोबा. बरणीत. स्पिरिटमध्ये.”

“म्हंजी मेलाय.”

“हो.”

“नर का मादी?”

“नर.”

“आन् रानात असले आनखी असतील, त्ये?”

हान्ताबाईला वाटलं, म्हातारा शास्त्र विचारतोय. ती खुलली. “असतील ना! पण खरा तुंबुझाफी बरणीतला. बाकीचे त्याच्यावरून ओळखायचे. उद्या कुणी वाद घातला की तुंबुझाफी नेमका कोण, तर बरणी उघडून बघायचं.”

आजोबांनी पेला खाली ठेवला. “ऐकलंत? आपल्या कुळाचा तुंबुझाफी नावाचा गडी परमुलखात मेला. दारूत बुडवून ठिवलाय. ना रडाया कुणी, ना कापड. आन् थडग्यात एका नावाला एकच जागा. पयला भाईर तिष्ठत आसताना ह्या दुसऱ्याला मी आत कसा घिऊ?”

तुंबुझाफीचा चेहरा पिठासारखा झाला. काळोख्या रानात एकटा हिंडताना न भिणारा माणूस. पण थडग्याबाहेर राहायचं म्हणजे आई नाही, बाप नाही, कायमचं उघड्यावर.

“आजोबा, मी हितं बसलोय की जिता!”

“तू बस. तुझ्याबद्दल माझं काय म्हननं न्हाई.”

तीन दिवस असे गेले. बेसुआनं केस मोकळे सोडले आणि चूल विझवली.

“अगं, भात तरी टाक.”

“नवरा मेलेल्या बाईनं एवढ्यात चूल पेटवू नये.”

“मी कोन मग?”

“मला काय म्हाईत? भांडान झालं तर बरनी बघायची, बाईच म्हनल्या.”

तिसऱ्या दिवशी तुंबुझाफी हान्ताबाईच्या पायाशी जाऊन बसला. “बाई, माझं नाव काढून घ्या. न्हाईतर त्याला आणा.”

“नाव एकदा छापलं की निघत नाही रे. आणि तो बाहेर येऊ शकत नाही. सगळ्या जगासाठी ठेवलाय.”

“जगाचं थडगं न्हाई, बाई. आमचं हाय.”

हान्ताबाई रडकुंडीला आली. तिच्याही आजीला पठारावरच्या थडग्यात ठेवताना सगळं कूळ जमलं होतं. त्याला हसायचं तिच्या जिवावर आलं.

बेसुआ मात्र फोटो डोळ्यांशी नेऊन बघत होती. “ह्याच्या पायाला काय बांधलंय वं?”

“चिठ्ठी. नंबर लिहिलेली.”

“आन् दोरा कसला?”

“साधा, सुती.”

“म्हंजी परका.” ती उठली. नवऱ्याच्या कफनासाठी तिनं स्वतः राफियाचं, ताडाच्या पानांच्या धाग्यांचं कापड विणून ठेवलं होतं. त्याच्या काठातला एक धागा तिनं ओढून काढला, दातानं मधोमध तोडला. “हा निम्मा त्याच्या पायाला बांधा. निम्मा थडग्यात ठिवू. कापड एकच, गडी दोन.”

सगळे आजोबांकडं बघू लागले. आजोबा बाईकडं. बाईनं धागा बोटांत फिरवून पाहिला. “रंग दिलेला नाही ना? मग चालेल. दोरा बदलायला नियमाची आडकाठी नाही.”

“बांधशील? तुझ्या पूर्वजांची आन घे.”

तिनं घेतली.

आम्ही थडग्यापाशी गेलो. आजोबांनी धागा फटीतून आत सोडला, दारू शिंपडली आणि वरच्या पट्टीत सुरू केलं, “आजे-पणजे हो, ऐका! तुंबुझाफी आलाय. थोराड मानूस हुडकू नका, नखायवढा हाय. पायाखाली येईल, जपून ऱ्हावा. शेपूट लांब—”

“आखूड,” तुंबुझाफी कुजबुजला.

“शेपूट आखूड! डोक्यावर शिंगं—”

“शिंगं नाहीत, आजोबा,” हान्ताबाई म्हणाली. “भुवयांवर नुसते उंचवटे.”

“सांगताय का मी सांगू? भुवया हायेत! मुंग्या खातो, रोवळीभर भात मागनार न्हाई. आन् ह्यो दुसरा मागनं येईल. ह्यो भात मागंल. शेतात कधी उतरला न्हाई, पर हुडकायला लई हुशार. तिकडं काय हरवलं असंल तर ह्याला सांगा. दोघं एकाच कापडातले. कुनालाबी भाईर ठिवू नका!”

मग थडग्याच्या दगडावरून एक पाल सरसरत खाली आली आणि फटीतून आत शिरली.

“आपला निरोप घिऊन गेली,” आजोबा म्हणाले.

तुंबुझाफीनं वाकून फटीत पाहिलं. “नेहमीच्यातली न्हाई ही,” तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. “ही येगळी जात हाय. बाई, ही तुमच्याकडं न्हाई.”

हान्ताबाईनं बरणी काढायला पिशवीत हात घातला. आजोबांनी फटीपुढं काठी आडवी धरली.