सगळ्यांचे श्वास वीस

सांख्यिकीच्या पहिल्या परीक्षेत मी आपटले तेव्हा माझी नोकरी चौदा वर्षांची झाली होती. जळगावच्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढून, हट्टानं अभ्यासरजा घेऊन मी धुळ्याला एम.एस्सी. नर्सिंगला बसले होते. वर्गातल्या बाकीच्या मुली माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. आणखी एकदा नापास झाले असते तर रजा रद्द, आणि गुमान वॉर्डात परत.

सांख्यिकीचे सरही माझ्यापेक्षा लहानच. ते फळ्याशी बोलायचे, आमच्याशी नाही. एकदा मी उठून म्हटलं, "सर, हे स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे नक्की काय, ते साध्या मराठीत सांगा ना."

ते हसले. "सिस्टर, काही गोष्टी त्या त्या वयातच डोक्यात शिरतात. तुम्ही सूत्र पाठ करा, पासापुरते गुण मिळवा आणि सुटा."

वर्गही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाळून कोळ झालेल्या म्हातारीची शीर मी नुसत्या बोटानं चाचपून शोधते, आणि हा मला वय सांगतो! पाठ करणार नाही, समजूनच पास होईन, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

प्रात्यक्षिकासाठी सरांनी सांगितलं, तीस रुग्णांची कुठलीही एक नोंद आणा, तिची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. माझं पास-नापास या गुणांवरच अडलेलं. मी रीतसर परवानगी काढून माझ्याच वॉर्डातल्या तक्त्यांवरून ऑपरेशन झालेल्या तीस बायकांचे मिनिटाचे श्वास उतरवून घेतले. स्टँडर्ड डेव्हिएशन इतकं चिमुकलं आलं की मी गणित तीनदा करून पाहिलं. सरांनी तपासलं आणि बरोबरची खूण केली. "बघा, जमलं की!"

जळगावला परतताना एस.टी.त पारोळ्यापर्यंत मी खुशीत होते. मग कागद पुन्हा उघडला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, एवढंच तर हा आकडा सांगतो! तीस बायका. कुणाची पिशवी काढलेली, कुणाला दमा, कुणी कण्हतेय, कुणी गाढ झोपलीय, आणि श्वास सगळ्यांचे सारखे? एका हातच्या तीस भाकरीसुद्धा सारख्या होत नाहीत.

मला खरं कारण माहीत होतं. ताप आम्ही बघतो, नाडी बघतो, बीपी घेतो. श्वास मोजायला मिनिटभर नुसतं उभं राहावं लागतं, आणि तेवढं कुणी राहत नाही. मी नवीन असताना घड्याळ धरून एका खाटेपाशी उभी होते, तर आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, लांबूनच ओरडल्या, "काय मोजत बठस पोरी? लिखी दे वीस! बठ्ठासना वीसच ऱ्हातस!" सगळ्यांचे वीसच असतात म्हणे, म्हणून मी लिहिलं वीस. पुढची चौदा वर्षं वीसच लिहिलं, फार तर मन खाल्लं तर बावीस. पन्नास खाटांना आम्ही दोघी असायचो हे खरं, पण मोजलं नव्हतं हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ घेऊन वॉर्डात गेले आणि तीस खाटांपाशी एकेक मिनिट उभी राहिले. कुठे सोळा निघाले, कुठे पंचवीस. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या एका मावशींचे बत्तीस निघाले. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजले. बत्तीसच. तासाभरापूर्वीच्या तक्त्यावर वीस लिहिलेले. मी धावत डॉक्टरांना बोलावलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

धुळ्याला जाऊन नवा कागद सरांपुढे ठेवला.

"पहिला तपासलाय मी. तो बरोबर होता."

"गणित बरोबर होतं सर. आकडे खोटे होते. आम्ही श्वास मोजत नाही, वीस लिहून मोकळ्या होतो. मीही तेच केलं."

"काय कबूल करताय, कळतंय का? ते गुण खोडावे लागतील."

"खोडा." मग मी वर्गाकडे वळले. "ड्यूटीवर पूर्ण मिनिट श्वास मोजणारीनं हात वर करा." सगळ्या नर्सच होत्या. एकही हात वर आला नाही, आणि या वेळी हसलंही कुणी नाही.

सरांनी जुने गुण खोडले. नवा कागद ओळीनं तपासत गेले. एका वर्गमुळात चूक निघाली, तिचे गुण कापले. मग पेन बत्तीसवर टेकवलं. "हा एकच आकडा सगळं बिघडवतोय. मोजण्यात चूक असेल. हा काढून टाका, उत्तर सुबक येईल. गुणही वाढवतो."

"नाही काढणार, सर. त्या आकड्याला काल ऑक्सिजन लावलाय."

सरांनी पेन उचललं. मी पास झाले, अगदी काठावर, पण बत्तीससकट.